पूर्ण चालू भूतकाळ

इंग्रजीत बारा काळ आहेत, असे आम्ही शाळामास्तर मुलांना सांगतो. वर्तमान, भूत आणि भविष्य ही तीन घराणी, आणि प्रत्येक घराण्यात चार-चार भावंडे : साधा, चालू, पूर्ण आणि पूर्ण चालू. पहिल्या तिघांची नावे मुले निमूटपणे वहीत उतरवून घेतात. चौथे नाव फळ्यावर लिहिले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. एक तर ‘चालू’ हे विशेषण आपल्याकडे सरळ माणसाला लावीत नाहीत. शिवाय दोन-तीन वर्षांतून एखादे धीट पोर उभे राहून विचारतेच, “सर, पूर्ण झालं तर ते चालू कसं? आणि चालू असेल तर पूर्ण कसं म्हणायचं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. घरातले लग्न चालू तरी असते, नाही तर उरकलेले तरी असते. दोन्ही एकदम असल्याचे कुणी पाहिलेले नाही. कागदोपत्री माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढचे इंग्रजी मी पुस्तकांच्या नादाने, पडत-झडत शिकलो. त्यामुळे ‘तसा नियमच आहे, पाठ कर’ हे विद्वानांचे उत्तर माझ्या तोंडी लवकर येत नाही. मी मुलांना सरळ आमच्या फाट्यावरच्या एस.टी.च्या थांब्यावर नेतो. मनाने, अर्थात.

थांब्यावर एक मनुष्य उभा आहे. बस आली तेव्हा तो दोन तास वाट पाहत होता. हे वाक्य इंग्रजीत करायला सांगितले की वर्गातली बहुतेक मुले लिहितात : ‘ही वॉज वेटिंग फॉर टू अवर्स.’ शब्दाला शब्द जुळलेला असतो. पण इंग्रजी भाषा नाक मुरडते. तिला हवे असते ‘ही हॅड बीन वेटिंग’. मग एखादा हुशार मुलगा विचारतो, ‘ही हॅड वेटेड’ चालणार नाही का? चालते. त्यात काही चूक नाही. पण ‘हॅड वेटेड’ म्हटले की दोन तासांची बेरीज कळते. तो मनुष्य दिसत नाही. ‘हॅड बीन वेटिंग’ म्हटले की तो अजून तिथे उभा असतो. हातातली पिशवी या हातातून त्या हातात चाललेली असते, आणि घाटातून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला मान वळत असते.

आता हेच आपण घरी कसे सांगतो ते ऐका. बायको विचारते, ‘का हो उशीर?’ आपण म्हणतो, ‘बस आली तेव्हा मला वाट बघत दोन तास झाले होते.’ कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकावाचून, अगदी सहज. ‘वाट बघत’ हे चालू आहे. ‘दोन तास झाले होते’ हे पूर्ण आहे. पूर्ण झाले ते तास. चालू होते ते वाट पाहणे. धीट पोराच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आजीच्या बोलण्यात होते. इंग्रजांनी दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदाच्या गळ्यात बांधल्या म्हणून ते नाव वेडेविद्रे झाले, इतकेच. आणि आणखी एक मौज पाहा. इंग्रजीत वाट पाहणारा मनुष्य वाक्याचा कर्ता असतो. मराठीत तास कर्ता होतात आणि माणूस बापडा ‘मला’ होऊन कडेला उभा राहतो. एस.टी.चा अनुभव असलेल्या माणसाला यातले कोणते वर्णन खरे वाटेल, ते मी सांगायला नको.

इंग्रजीतल्या या ‘हॅड’पायी आपली माणसे किती अडतात, याला गणती नाही. शिकलेसवरलेले लोकही ‘काल मी मुंबईला गेलो होतो’ याचे ‘आय हॅड गॉन टु बॉम्बे यस्टरडे’ करतात, आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. गेला होतास, मग? कशाच्या आधी गेला होतास? पुढे काय झाले? पुढे काहीच झालेले नसते. आमचा मनुष्य मुंबईला जाऊन परत आलेला असतो, एवढेच त्याला सांगायचे असते. मराठीत नुसते ‘गेलो’ म्हटले तर गोष्ट अर्धी राहते. ‘गेलो होतो’ म्हटले की जाणे झाले, येणेही झाले, पाय धुऊन मनुष्य घरात बसला, असा सगळा अर्थ त्या ‘होतो’त येतो. आपले ‘होतो’ परतीचे तिकीट काढून निघालेले असते. इंग्रजांच्या ‘हॅड’ला मात्र पुढे आणखी एक भूतकाळातली घटना लागते, तिच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय ते उभेच राहत नाही.

हान्स रायखेनबाख नावाच्या मूळच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात याचा सुरेख उलगडा केला आहे. तो म्हणतो, काळ समजायला दोन खुणा पुरत नाहीत, तीन लागतात : आपण बोलतो तो क्षण, घटना घडली तो क्षण, आणि जिथे उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात मागच्या दोन खुणा एकमेकींवर पडतात. ‘हॅड’ आले की त्या वेगळ्या होतात : आपण बोलतो आज, उभे राहतो बस आली त्या घटकेला, आणि तिथून मागे वळून त्या दोन तासांकडे पाहतो. वर्गात मी एका सुतळीला तीन गाठी मारून हे दाखवतो. मुलांना ते पटकन कळते. सुतळी मात्र तासानंतर कुणीतरी भोवऱ्याला पळवते.

प्रत्येक भाषेला भूतकाळाविषयी वेगवेगळी चौकशी करायची असते, असे मला वाटते. पाणिनीच्या संस्कृताने भूतकाळाला विचारले, तू आजचा की आजच्या आधीचा? आणि बोलणाऱ्याने तुला डोळ्यांनी पाहिले, की नाही? न पाहिलेल्या गोष्टीला तिथे क्रियापदाचे रूपच निराळे. इंग्रजी पाहिले-न पाहिल्याची पर्वा करीत नाही. ती विचारते, तू कशाच्या आधीचा? आणि तुझा हिशेब मिटला होता, की तू अजून हलत होतास?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना खरी कसोटी लागते. पाठ्यपुस्तके एक सोपी युक्ती सांगतात, ती खोटी नाही. ‘किती’ याचे उत्तर द्यायचे असेल तर साधा पूर्ण. ‘किती वेळ’ याचे द्यायचे असेल तर पूर्ण चालू. दुपारपर्यंत तिने चाळीस करंज्या केल्या होत्या, इथे ‘हॅड मेड’. सकाळपासून ती करंज्या करीत होती, इथे ‘हॅड बीन मेकिंग’. पहिल्या वाक्यात डबा भरलेला दिसतो. दुसऱ्यात बाईची पाठ दुखते.

पण युक्ती सगळीकडे पोचत नाही. काही क्रियापदे ‘चालू’ व्हायला साफ नकार देतात. एखाद्याला आपण दहा वर्षे ओळखत असलो, तर ती ओळख दहाही वर्षे अखंड चालू असते. तरी इंग्रजीत ‘हॅड नोन’ म्हणायचे, ‘हॅड बीन नोइंग’ म्हणायचे नाही. जाणणे, असणे, मालकी असणे, आवडणे ही त्यांच्या मते कामे नव्हेत, स्थिती आहेत. आणि स्थितीला घाम येत नाही. १९५७ साली झेनो व्हेंडलर या तत्त्वचिंतकाने क्रियापदांचे याच दृष्टीने चार वर्ग पाडले : नुसती स्थिती, नुसती चाललेली हालचाल, शेवट ठरलेले काम, आणि क्षणात होऊन जाणारी गोष्ट. चालणे ही हालचाल. घर बांधणे हे शेवट असलेले काम. मुक्कामी पोचणे ही क्षणाची गोष्ट. मनुष्य अर्धा तास चालल्यावर थांबला तरी तो चाललाच; पण घर बांधता बांधता थांबला तर घर झाले असे कुणी म्हणत नाही. हे वाचल्यापासून मी क्रियापदांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला या चालू भूतकाळाचा आणखी एक गुण फार हेवा करण्यासारखा वाटतो. तो खुणा दाखवतो. सकाळी दार उघडले, अंगण ओले आहे, पागोळ्या गळताहेत. इंग्रज लेखक तीन-चार शब्दांत मोकळा होतो : ‘इट हॅड बीन रेनिंग’. पाऊस आता पडत नाही, पण त्याचा हात अजून अंगणावरून निघालेला नाही. आपण काय म्हणणार? ‘पाऊस पडत होता’ म्हटले तर तो पडतोच आहे असे वाटते. ‘पाऊस पडून गेला होता’ म्हटले तर फार लांब गेला. शेवटी पागोळ्यांचेच वर्णन करावे लागते. तसेच रडण्याचे. ‘शी हॅड बीन क्राइंग’ याला मराठीत सरळ वाक्य नाही. ‘ती रडली होती’ ही बातमी झाली. ‘ती रडत होती’ म्हटले तर ती समोर रडते आहे. आपल्याला डोळ्यांच्या कडा, पदराचे टोक, बसलेला आवाज असे काहीतरी लिहावे लागते. आमच्या घरात लहानपणी चूल होती. चुलीपुढून उठून आलेल्या बाईचे डोळे लालच असायचे, आणि कुणी काही विचारले तर ‘धूर झाला’ हे उत्तर तयार असायचे. आईच्या त्या डोळ्यांना कोणता काळ लावायचा ते मला पुष्कळ वर्षे ठरवता आले नाही.

कादंबरीकारांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नावाने इंग्रजी व्याकरण शिकवले गेले, त्या ‘रेन आणि मार्टिन’मधला रेन हा स्वतः कादंबरीकार होता. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. विसाव्या शतकाच्या आरंभी तो इकडे शिक्षणखात्यात नोकरीला आला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती, तिथल्या हायस्कुलाचा तो हेडमास्तर होता. पुढे १९२४ साली फ्रेंच परकीय पलटणीवरची त्याची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी गाजली. मास्तरकी आणि कादंबरी एका अंगात नांदते, हे पाहून मला आपला उगीचच आनंद होतो. त्याला हे पक्के ठाऊक असणार की गोष्ट मागे न्यायची झाली तर पहिल्या एक-दोन वाक्यांत ‘हॅड’ घालायचे आणि मग हळूच साध्या भूतकाळावर उतरायचे. वाचक एकदा मागच्या खोलीत गेला की प्रत्येक वाक्याला त्याला दार दाखवावे लागत नाही. आमच्या मराठी कादंबऱ्यांतही ‘गेला होता, बसला होता, म्हणाला होता’ असे सलग दोन पाने चालले की आगगाडीत बसल्यासारखे होते. मी स्वतः तिसऱ्या वाक्याला ‘होता’ सोडून देतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळे लिहावेसे वाटले तो सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची पुण्याहून आमच्याकडे आली होती. तिला एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जाबरोबर आपल्या घराविषयी इंग्रजीत पाचशे शब्द लिहून द्यायचे होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती ओटीवर संगणक मांडीवर घेऊन बसली. जरा वेळाने म्हणाली, “मामा, हे वाक्य बघ ना. आजोबा गिरणीत अठरा वर्षं होते आणि संप सुरू झाला. ‘हॅड वर्क्ड’ लिहू का ‘हॅड बीन वर्किंग’? मैत्रीण म्हणते दुसरं, पुस्तकात दोन्ही चालतात असं दिलंय.”

पुस्तक बरोबर होते. ‘राहणे’ आणि ‘काम करणे’ ही इंग्रजीतली मोठी मोकळी क्रियापदे आहेत; दोन्ही रूपे त्यांना शोभतात आणि अर्थ फारसा बदलत नाही. म्हणजे नियम इथे हात झटकून मोकळा होतो आणि लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. मी तिला म्हटले, “अगं, ‘हॅड वर्क्ड’ म्हटलंस तर ती नोकरीच्या पुस्तकातली नोंद होईल. अठरा वर्षं, खाली रेघ. ‘हॅड बीन वर्किंग’ म्हटलंस तर तो दिवस उजाडला तेव्हा त्यांचं काम हातात होतं असं होईल.”

“मग त्यांचं कोणतं होतं?” तिने विचारले.

याचे उत्तर मला वाटले तितके सोपे नव्हते. आबा १९६४ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांतले ते एक. मी त्या वेळी दोन वर्षांचा. मला आठवतात ते आबा गावचे. भातलावणीला चिखलात उभे असलेले, बाजाराच्या दिवशी सुपारीचे ओझे घेऊन निघालेले. पण कुणी विचारले, ‘सध्या काय करता?’ तर ते सांगत, ‘गिरणीत आहे. संप चालू आहे.’ मी पहिलीत गेलो तेव्हाही हेच, सातवीत गेलो तेव्हाही हेच. शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ अशी ओळ असते. तिथे ‘शेती’ लिहिलेले त्यांना चालत नसे. मॅट्रिकच्या परीक्षेचा अर्ज भरला तोपर्यंत, म्हणजे संपानंतर तेरा-चौदा वर्षे, मी त्या ओळीवर ‘गिरणी कामगार’ असेच लिहीत आलो. मास्तर एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आणि शिक्का मारीत.

आबा तिथेच ओटीच्या कडेला सुपाऱ्या सोलीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे गेले तरी कान तिखट आहेत. म्हणाले, “माझ्यावरनं काय वाद चाललाय?”

भाचीने त्यांना समजावून सांगितले. चांगले सांगितले, ती पुढे मास्तरीण झाली तर मला नवल वाटणार नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे साचा चालू होता का बंद, एवढंच ना विचारतंय तुमचं इंग्रजी?”

“हो, तसंच म्हणा.”

“शेवटच्या पाळीला साचा बंद केला तेव्हा कापड अर्ध्यावर होतं,” आबा म्हणाले. “ताणा तसाच. धोट्यात सूत होतं. परत जाऊन तिथनंच धरायचं होतं ना! गिरणीत मला अठरा वर्षं झाली होती. काम चालू होतं.”

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. तिने ‘हॅड बीन वर्किंग’ लिहिले.

“आणि संपाचं काय लिहिलंस?” आबांनी विचारले.

तिने पुढचे वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगितला : पुढे संप संपला आणि आजोबा गावी परतले.

“संपला म्हणून कुणी सांगितलं तुला?”

आवाज चढलेला नव्हता. सुपारी सोलण्याचा हातही थांबला नव्हता. मी भाचीला सांगितले की आजोबांचे म्हणणे खरे आहे. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केलेच नाही. काही कामगार परत कामावर गेले, पुष्कळांना घेतले नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर मोठमोठ्या इमारती आल्या. पण संप मिटला असे सांगायला कुणी आले नाही. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे व्याकरणाप्रमाणे अजून चालूच आहे की!” आणि हसली. आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे आमच्या घरात कुणाला कधी ओळखता आलेले नाही.

‘संप संपला’ हे शब्द तिने खोडले. मग वाक्यात नुसते आजोबांचे परतणे उरले, आणि ते केव्हाचे हे सांगणे भाग पडले.

“आजोबा, तुम्ही गावी परत कधी आलात?”

“ब्याऐंशीच्या गणपतीला आलो होतो,” आबा म्हणाले.

तिने लिहायला बोटे उचलली आणि थबकली. “मामा, ‘केम’ का ‘हॅड कम’?”

“‘केम’ लिही,” मी म्हणालो. “‘हॅड कम’ म्हटलंस तर वाचणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत बसेल.”